पत्र्याच्या विमानाचा दांडा

फुलचूर, गोंदिया
गुरुवार, २० नोव्हेंबर २०१४

प्रिय भूमेश्वरी,

इकडचं सगळं बरं आहे असं लिहून सुरुवात करायची रीत आहे. पण तुला आता खोटं काही लिहायचं नाही, म्हणून ती रीत सोडून देतो. परवा जावईबापू लोकेंद्ररावांचा फोन आला होता. टीना दिवाणावरून पडली, कपाळाला टेंगूळ आलं, डॉक्टरांनी काळजीचं काही नाही म्हणून सांगितलं, हे त्यांनी शांतपणे सांगितलं. मग जरा थांबून म्हणाले की ती कडेकडे सरकत होती तेव्हा तू हातभर अंतरावर उभी होतीस, अन् तिला धरायचं सोडून सासूबाईंना हाका मारत राहिलीस. आता तू ठरवलंयस की रविवारी टीनाला इकडे आणून सोडायचं. शाळेत जायच्या वयाची होईपर्यंत ती आजीजवळ राहील, कारण ती तुझ्याजवळ सुखरूप राहील याचा तुला भरवसा नाही. चार महिन्यांचं लेकरू. तुझी आई तेव्हापासून तयारीला लागली आहे. जुन्या धोतरांची दुपटी धुऊन वाळत घातली, शेजारून गायीच्या दुधाचं नक्की केलं. ती रडतेही आहे अन् मनातून थोडी खूशही आहे. मी मात्र दोन दिवस जेवलो नाही. टीना या घरात वाढायला नको, असं मला का वाटतं ते सांगायला हे पत्र आहे. सरळ सांगता येत नाही, म्हणून थोडं आडवळणानं जातो.

सप्टेंबरात नागपूरच्या गाडीत बसताना तू मला एक विचारलं होतंस. 'बाबा, साऱ्या फुलचूरले तुम्ही पाळणे करून देल्ले, माह्या पोरीचाच बजारातून काऊन आणला?' मी वय झालं म्हणून हसण्यावारी नेलं. वयबिय काही झालं नाही. गेल्याच महिन्यात कुडव्याच्या एका राइस मिलचं, धान वर चढवायचं पूर्ण एलिव्हेटर मी एकट्यानं उभं केलं. पाळण्यासाठी पाइपसुद्धा आणून ठेवला होता, अजून दुकानात भिंतीशी उभा आहे. कापायला घेतला अन् हात थांबला. तुझ्यासाठी मी हातानं केलेली शेवटची वस्तू कोणती, ते आठवलं.

तू बाळंतपणाला आलीस ते अडीच महिने मी बघत होतो, बरं का. बाप दुकानात असतो, त्याला घरातलं दिसत नाही, असं तुम्हा मायलेकींना वाटतं. तू बसलीस की उजवा हात मांडीखाली दाबून बसायचीस. टीनाला घ्यायचीस ते जमिनीवर मांडी घालूनच, उभ्यानं कधी नाही. सुमित्राबाई न्हाऊ घालायला यायची, पायावर लेकरू घेऊन म्हणायची, 'माय, मुंडी धर जरा, पाणी टाकतो,' की तू पदरात हात गुंडाळून आईला हाक मारायचीस. एक दिवस सुमित्राबाईनं अंगणात तुझ्या आईला विचारलं, 'तुमच्या पोरीच्या हाताले का झालं जी? लकवा गिकवा तर नाई मारला?' मी तिथंच बंबाचा नळ बदलत होतो. नळ तसाच सोडला अन् पान्हा घेऊन दुकानात निघून गेलो. मला तर ठाऊक होतं काय झालं ते. हात चांगला आहे. त्या हातावरचा तुझा विश्वास गेलाय, अन् तो कुणामुळे गेला हे या जगात फक्त मला अन् टीव्हीवाल्या प्रफुलला ठाऊक आहे.

आता थोडं मागचं काढतो. दोन हजार तीनची दिवाळी झाली होती. तू नववीत होतीस. वक्तृत्वात बक्षीस म्हणून तुला विमानांचं ते जाड पुस्तक मिळालं अन् घरात दुसरा विषय राहिला नाही. तुझी आत्या म्हणायची, 'नाव ठेवलं भूमेश्वरी अन् पोट्टी निघाली आभाळात!' सगळे हसायचे. मीही हसायचो, पण मला ते हसणं लागायचं. आपल्या पोवार समाजात पोरीनं फार तर मास्तरीण व्हावं, त्याच्यापुढे कुणाची नजर जात नव्हती. मी दहावी नापास टिनवाला. सगळ्या जिल्ह्यातल्या राइस मिलांची हॉपरं, पन्हाळ्या अन् एलिव्हेटरं माझ्या हातची, हा माझा तोरा. मी तुला म्हटलं, खरं विमान तुझ्या बापाला जमणार नाही, पण विमानाचं तोंड जमेल. आत बसायचं, समोर कॉम्प्युटर, अन् हाताशी सगळं खऱ्यासारखं. तू रात्रभर झोपली नाहीस, असं आई दुसऱ्या दिवशी सांगत होती.

ते चार महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले होते, हे मी आजही म्हणतो. न्हाणीघराच्या मागची पत्र्याची खोली रिकामी केली. तुझ्या पुस्तकातलं चित्र मी झेरॉक्सवाल्याकडून मोठं करून आणलं अन् भिंतीला चिकटवलं. अठरा गेजचा पत्रा घेऊन समोरची पाटी कापली. छिन्नीनं गोल भोकं पाडली, तू प्रत्येक भोकाच्या कडेला कानस मारत बसायचीस. त्यांत घड्याळांच्या काचा, अन् काचांमागे तू रंगवलेले काटे. भंगारातल्या जीपची सीट. पायाखाली ट्रॅक्टरच्या ब्रेकची पेडलं. हातातलं सुकाणू जुन्या स्कूटरच्या हँडलचं, वरून सायकलची मूठ चढवलेली. तारांचं काम टीव्ही मेकॅनिक प्रफुलनं केलं. त्यानं खेळायची एक काठी आणली, कॉम्प्युटरला लावतात ती, ती फोडून तिचं पोट बाहेर काढलं अन् तारा आपल्या पत्र्यापर्यंत आणल्या. पहिल्यांदा तू हँडल वळवलंस अन् पडद्यावरची जमीन तिरपी झाली, तेव्हा तुझी आई किंचाळून खोलीबाहेर पळाली होती. आठवतं? प्रफुल हसून हसून खाली बसला होता.

त्या कॉम्प्युटरच्या जगात गोंदिया नव्हतंच. नागपूर होतं, त्याच्यापुढे नुसती तपकिरी जमीन. तू नागपूरहून उडायचीस, उगवतीकडे अर्धा तास जायचीस अन् म्हणायचीस, 'बाबा, आता खाली नागझिरा आला असन, आता आपलं घर.' मी मागं स्टुलावर बसून खाली बघायचो. काहीच नसायचं, तरी बघायचो. मधेच लाइट जायची. तुझं विमान हवेत असायचं अन् पडदा काळा. तू म्हणायचीस, 'लोडशेडिंगवाल्यानं पाडलं पाहा बाप्पा मले.' शाळेतून आलीस की दप्तर टाकून आधी तिथं. चार वर्षं, रोज तास-दोन तास. मला त्यातलं इंग्रजी काही कळत नव्हतं, पण उतरताना डोळे कुठे असतात अन् हात कुठे, ते मला पाठ झालं होतं.

अन् आपला एक खेळ होता. त्याची आठवण तुला आहे का, हे विचारायची माझी हिंमत नाही, पण विचारतो. तू उतरायला यायचीस, धावपट्टी समोर यायची, चाकं टेकायला आली की मी मागून ओरडायचो, 'गाय!' म्हणजे पट्टीवर गाय आली. मग तू इंजिनाचा दांडा सर्रकन पूर्ण ओढायचीस, इंजिन बोंबलायचं, विमान वर जायचं, अन् आपण दोघं जिंकलो म्हणून ओरडायचो. कधी मी चौथ्या फेरीला ओरडायचो, कधी पहिल्या, कधी नाहीच. तुला बेसावध पकडायची मला गंमत वाटायची. शेवटी शेवटी माझ्या तोंडून 'गा' निघायचा अन् दांडा ओढून झालेला असायचा. मी सगळ्यांना सांगायचो, माझ्या पोरीचा हात विजेसारखा आहे.

त्या दांड्याबद्दल आता लिहायला पाहिजे. तो मी हॉपरच्या, धानाच्या त्या पत्र्याच्या मोठ्या नरसाळ्याच्या, झडपेचा घेतला होता. वीतभर लांब गज अन् टोकाला गोल मूठ, पाटीतून आडवा बाहेर आलेला, थेट तुझ्या पुस्तकातल्या चित्रासारखा. मिलमध्ये हा दांडा आपल्याकडे ओढला की झडप उघडते अन् धान पडतं. ढकलला की बंद. सगळ्या मिलांत मी तसाच लावतो, अन् त्याला कारण आहे. मी उस्तादाकडे शिकत होतो तेव्हा एका मिलमध्ये दुसऱ्या कारागिरानं दांडा उलटा लावला होता. एक हमाल पाय घसरून त्याच्यावर पडला, झडप पूर्ण उघडली अन् खाली सफाई करणारा माणूस धानात गाडला गेला. त्याला काढला तेव्हा त्याच्या तोंडात धान होतं. उस्तादानं मला त्या हॉपरपाशी उभं करून सांगितलं होतं, 'घाबरलेला माणूस पुढे पडते. म्हून ढकलल्यावर बंदच झालं पायजे. ओढलं त चालू. हे आईचं दूध प्यालास तसं ध्यानात ठेव.' मी ठेवलं. तुझ्या विमानाचा दांडाही तसाच लावला. ओढला की इंजिन वाढणार, ढकलला की बंद होणार.

दोन हजार आठच्या जानेवारीत सरकारी योजनेतून तुझा नंबर लागला अन् तू मध्यप्रदेशात विमान उडवायला शिकायला गेलीस. तुझी आत्या स्टेशनवर रडली अन् 'भूमेश्वरी'ची थट्टा बंद झाली. पहिल्याच आठवड्यात तुझा फोन आला होता. तू हसत होतीस. 'बाबा, इथं समदं आपल्यासारखंच हाय, फक्त इंजिनाचा दांडा उलटा हाय. ढकलाचा रायते. सर म्हणतात, तू घरून उलटं शिकून आली का?' मी म्हटलं, मग शीक सुलटं, त्यात का? तूही हसलीस, मीही हसलो. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ पाटावर बसून राहिलो. आई म्हणाली, जेवण निवून राहिलं. तुला परत बोलवावं असं मला तेव्हाच वाटलं होतं. मी ते दाबलं. पोरगी हुशार आहे, आठ दिवसांत सुधरेल, असं स्वतःला सांगितलं. अन् तू सुधरलीसही. दहा महिने तुझा हात बरोबर चालला.

अठ्ठावीस नोव्हेंबरचं तुला मी काय सांगणार. तू एकटी उडत होतीस, उतरायला आली होतीस, अन् पट्टीवर गाय आली. खरी गाय. कडेला बाया गवत कापत होत्या, त्यातली सगळ्यात जवळची देवकाबाई हातातला विळा टाकून गाय हाकलायला धावली. तुला वर जायचं होतं. तू दांडा ओढलास. इंजिनाचा जोर गेला, विमान तिरपं होऊन पट्टीच्या बाहेर आपटलं अन् घसरत गेलं. तुझी गळ्याखालची हाडं मोडली. देवकाबाई त्याच्याखाली सापडून जागच्या जागी गेली. गाय वाचली.

चौकशीत तू स्वतःच्या हातानं लिहून दिलंस की मी घाबरले अन् माझा हात उलटा गेला. चौकशीच्या साहेबांनीही तेच लिहिलं. त्यात खोटं काही नव्हतं, त्यांना जेवढं कळलं तेवढं त्यांनी लिहिलं. पण घरच्या पत्र्याच्या विमानाबद्दल तू त्यांना एक शब्द सांगितला नाहीस. मी इस्पितळात तुझ्या खाटेजवळ बसून होतो तेव्हा दोन साहेब तुला विचारायला आले होते, 'याआधी कुठे सराव केला होता का?' तू माझ्याकडे बघितलंस अन् नाही म्हणालीस. भूमे, तू मला वाचवायला नाही म्हणालीस का? सहा वर्षं झाली, मी रोज हे स्वतःला विचारतो. तेव्हा तोंड उघडायचं काम माझं होतं. मी तुझ्या पाण्याचा गडू भरायला उठून गेलो.

मग तू ते सगळं सोडलंस, गणित शिकवायला लागलीस, लग्न झालं, लोकेंद्ररावांसारखा भला माणूस मिळाला. तू स्कूटी घेतली नाहीस. गॅस पेटवायला दुसऱ्याला सांगतेस, हे मला आईकडून कळलं. लोक म्हणाले, धक्का बसला पोरीला, काळ हेच औषध. मीही मान डोलवायचो. भिकाऱ्यासारखा त्या काळाच्या तोंडाकडे बघत बसलो, अन् काळानं काही केलं नाही.

टीनाच्या बारशाच्या दिवशीचं सांगतो. अंगणात बाया पाळणा म्हणत होत्या. तू अंग मोडून आलंय म्हणून उठलीस अन् घरामागे गेलीस. मी पाण्याची टाकी बघायला तिकडेच होतो. पत्र्याच्या खोलीचं दार लोटून तू आत गेलीस, सीटवरची धूळ पुसली अन् बसलीस. कॉम्प्युटर कधीचाच बंद पडलाय, पाटीला गंज चढलाय. तू डोळे मिटलेस. खिडकीच्या फटीतून मला तुझी पाठ अन् उजवा हात दिसत होता. अंगणात कुणाची तरी गाय शिरली अन् तुझी आत्या ओरडली, 'गाय आली वं, गाय, हाकला!' अन् तुझा हात उठला अन् त्यानं दांडा ओढला. पूर्ण ओढला. मग तू त्या हाताकडे बघितलंस अन् दुसऱ्या हातानं त्याच्यावर मारलंस. किती वेळा मारलंस ते मी मोजलं नाही. तू चेहरा धुऊन परत अंगणात गेलीस अन् मी टाकीमागे उभा राहून रडलो. आत येऊन तुझा हात धरायला पाहिजे होता. तुझा बाप पाय असून उभाच राहिला.

परवाच्या फोननंतर मी काल एकटाच देवकाबाईच्या गावी गेलो. तुझ्या आईला सांगितलं, बालाघाटला पत्रा बघायला जातो. देवकाबाईचा नवरा ईश्वरदास अंगणात शेळ्यांना पाला टाकत होता. मी कोण ते सांगितलं, अन् तुला जे पुढे सांगणार आहे ते सगळं त्याला सांगितलं. तो ऐकत पाला टाकत राहिला. मला वाटलं तो मारेल, मी तयारीनंच गेलो होतो. तो म्हणाला, 'तुम्हारी लड़की हर साल आती है, उसी तारीख को. आँगन में खड़ी रहती है, पानी भी नहीं पीती. कहती है, मेरे हाथ से हुआ, और चली जाती है.' हे मला ठाऊक नव्हतं, भूमे. पाच वर्षं तू तिथं जातेस, गेल्या वर्षी तर टीना पोटात होती तरी गेलीस, अन् बापाला पत्ता नाही. मग त्यानं विचारलं, 'ये बात उसको मालूम है?' मी नाही म्हणालो. तो म्हणाला, 'तो मेरे पास काहे आए हो? मेरी वाली तो गई. तुम्हारी वाली अभी है न.' अन् शेळ्यांकडे वळला. मला बस म्हणाला नाही, जा म्हणाला नाही.

म्हणून आता ऐक. तुला मी सांगितलं होतं की दांडा उलटा आहे तो कॉम्प्युटरमुळे. तू दहावीत होतीस, पुस्तक घेऊन दुकानात आली होतीस, बोट ठेवून दाखवलंस, 'बाबा, इथं ढकलाचं लिवलं हाय.' मी म्हटलं, या कॉम्प्युटरले असंच लागते, प्रफुलनं सांगितलं. ते खोटं होतं. प्रफुलनं मला अगदी पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं, 'भाऊ, हे उलटं लागलं. तीन तारा हायेत, कडेच्या दोन अदलाबदल करतो, पाव घंट्याचं काम.' मी त्याला म्हटलं, तीस वर्षं झाली दांडे लावून राहिलो, कालचा टीव्हीवाला मले दांडा शिकवते? तारेला हात लावशील तर परत या घरी येऊ नको. त्यानं पक्कड पिशवीत टाकली. तुझ्या पुस्तकानं सांगितलं तेव्हा मला कळलं होतं की तो बरोबर होता. तेव्हाही पाव तासाचंच काम होतं. पण दुकानात दोन कारागीर ऐकत उभे होते अन् त्यांच्यासमोर मला माझा दांडा चुकला म्हणायचं नव्हतं. एवढंच कारण. याहून मोठं कारण शोधायला मी सहा वर्षं घालवली, ते नाही. त्यानंतर तीन वर्षं मी मागं बसून 'गाय' म्हणून ओरडत तुझा हात चुकीचा पक्का केला, अन् तू फोनवर हसून सांगितलंस तेव्हाही घरी ये, आधी हे मोडू, असं म्हणालो नाही. तू त्या दिवशी घाबरली नव्हतीस, भूमे. घाबरलेला हात थिजतो. तुझा हात क्षणात चालला, अन् त्यानं तेच केलं जे बापानं त्याला हजारदा करायला लावलं. देवकाबाई माझ्या दांड्यानं गेली. हेच सगळं लिहून, प्रफुलची सही घेऊन, आज सकाळी त्या चौकशीच्या कार्यालयाला पाठवलंय. ते काय करतील ते करोत. हे पत्र प्रफुलच आणून देईल, तो उद्या नागपूरला सामान आणायला जातोय. वाटलं तर त्याला विचार, तो खोटं बोलत नाही. मला शिव्या दे, या दारात पाय ठेवू नको, माझं काही म्हणणं नाही. फक्त रविवारी टीनाला इथं आणू नको. ज्या घरात तुझा हात बिघडला त्या घरात तिला वाढवायला देऊ नको. पुढच्या शुक्रवारी अठ्ठावीस तारीख आहे. या वेळी ईश्वरदासच्या अंगणात मी उभा राहीन अन् 'माझ्या हातानं झालं' हे मी म्हणेन. तू येऊ नको, तुझं ते काम संपलं. तू घरी राहा. ऊठ, दिवाणापाशी जा, अन् टीनाला उजव्या हातानं धरून उभ्यानं उचल.

तुझाच,
बाबा